तळघराच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, साड्यांचा माल वाचवायचा आहे (वडगाव, बेळगाव)

वडगावची सून
१८ जुलै

नमस्कार मंडळी,

आमचं घर बेळगावात वडगावला, शिवाराकडच्या टोकाला. मामंजींनी १९६१ साली बांधलं. माजघरातली फळी उचलून पायऱ्या उतरलं की तळघर. १२ फूट रुंद, १८ फूट लांब आणि ७ फूट खोल. तेव्हा घरात ३ हातमाग होते, सूत आणि तयार साड्या ठेवायला त्यांनी ते मुद्दाम काढून घेतलं. पाया दगडी, भिंती विटांच्या, सगळं माती-चुन्यात. आता हातमाग गेले, परड्यात शेड घालून ४ यंत्रमाग चालतात. पण माल अजूनही तळघरातच उतरतो. दिवाळीच्या तोंडावर साडेतीनशे-चारशे साड्या तिथे असतात.

३ वर्षांपूर्वी भिंतीचा जुना चुन्याचा गिलावा जागोजाग सुटायला लागला होता. एका ठेकेदाराने सगळा गिलावा काढून आतून सिमेंटचं प्लास्टर केलं, त्यावर पाणीबंद रंगाचे २ हात दिले. ३८ हजार रुपये झाले. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर रंगाला फुगे आले, फोडले तर आत पाणी. यंदा मिरगाचा पाऊस बरा पडला, पण तरण्याने (पुनर्वसूच्या पावसाने) झोडपलं आणि त्याच भिंतीचं प्लास्टर दोन हात लांबीच्या तुकड्यात खाली आलं. मागे पांढरा लोणा, बोटाने काढला तर पिठासारखा. जिथे भिंत आणि कोबा मिळतात त्या सांध्यातून पाणी पाझरतंय. मी रोज फडक्याने टिपून काढते, दिवसाला ६ बादल्या भरतात.

माझ्या हातून ११ साड्या खराब झाल्या. काठाचा रंग अंगात उतरला आणि घडीवर काळे ठिपके पडले. ऑर्डरच्या होत्या. परत विणून दिल्या, पण सूत आणि मजुरी अंगावर पडली. दुसऱ्यांदा असं झालं तर गिऱ्हाईक टिकणार नाही.

तिघांना बोलावून दाखवलं. एक म्हणतो भिंतीला भोकं पाडून नळ्या बसवून केमिकल भरू, १ लाख ६० हजार. दुसरा म्हणतो सगळ्या बाजूंनी शहाबादी फरशीची पेटी करू, बाहेरून खणावं लागेल. तिसरा म्हणतो कशाला त्रास, मुरूम टाकून तळघर बुजवून टाका. हे ऐकून सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. त्यांचं वय ८२, ह्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा तळघर नुकतंच झालं होतं.

आजूबाजूचं सांगते, उपयोग होईल म्हणून. पश्चिमेला शेजाऱ्यांचं घर, मध्ये २ फुटांची बोळ. त्यांनी ४ वर्षांपूर्वी पत्र्याचं नवीन छप्पर केलं, त्याच्या पागोळ्या बोळात पडतात. पूर्वेच्या भिंतीला परड्याच्या बाजूने एक झरोका होता, तो उंदरांमुळे आम्हीच बंद केला. परड्यात विहीर होती, ती २०१४ साली डबर टाकून बुजवली. आमच्याकडे नळाला २४ तास पाणी असतं, मीटर बोळाच्या तोंडाशी आहे.

मला बांधकामातलं कळत नाही. पण पुन्हा आंधळेपणाने पैसे घालायचे नाहीत. काय करावं?

---

जुना ओव्हरसिअर, खानापूर
१९ जुलै

ताई, आधी एक सांगतो. हा महिनाभर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका. पावसात भिंत बंद करायचं कुठलंच काम नीट होत नाही, आणि पाऊस हीच तर तपासणीची वेळ आहे.

मी नोकरीची ३१ वर्षं बांधकामावर काढली, त्यातली बरीच कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात. तुम्हाला तिघांनी तीन उपाय सांगितले. पाणी कुठून येतंय हे मात्र तिघांपैकी एकानेही बघितलेलं दिसत नाही. तळघरात पाणी यायला वाटा थोड्याच असतात. नळ फुटलेला असतो, नाहीतर छपराचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरतं, नाहीतर जमिनीतल्या पाण्याची पातळीच कोब्याच्या वर येते. आणि चौथी वाट हवेची. पावसाळ्यातली दमट हवा गार भिंतीला लागली की तिथेच पाणी धरते, तांब्यात गार पाणी ओतल्यावर बाहेरून घाम येतो तसं. तुमच्याकडे यातलं एकच असेल असं मला वाटत नाही.

म्हणून आधी हे करा. रात्री सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा वहीत लिहा, सकाळी कुणी नळ सोडायच्या आत परत बघा. आकडा हलला तर मीटरच्या आतल्या बाजूला गळती आहे. २४ तासांच्या नळाला दाब कायम असतो, त्यामुळे बारीक भोकही रात्रंदिवस गळतं, हे विसरू नका. आकडा हलला नाही तरी मीटरच्या बाहेरचा नळाचा तुकडा उरतोच. त्यासाठी पावसाने चार दिवस उघडीप दिली की बोळाच्या तोंडाची जमीन बघा, एकाच जागी चिखल राहतो का.

मग जाड प्लास्टिकचे दीड फूट बाय दीड फुटाचे तुकडे कापा. एक पश्चिमेच्या भिंतीला, एक पूर्वेच्या, एक कोब्यावर. जिथे हाताला दमट लागतं पण पाणी ओघळत नाही अशी जागा निवडा. चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि एक दिवस-एक रात्र ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला, खोलीकडे आले तर ती हवेतली. ह्या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

आणि जवळपास चालू विहीर असेल तर तिच्यात पाणी जमिनीपासून किती फुटांवर आहे ते मोजा. दोरीला दगड बांधून मोजलं तरी चालेल. हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

३८ हजाराचं काम का गेलं ते सांगतो, म्हणजे तीच चूक परत होणार नाही. ओल भिंतीतून आत येते, आतल्या अंगाला वाळते, आणि येताना माती-विटांतले क्षार बरोबर आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, तोच तुमचा लोणा. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल श्वासासारखी बाहेर पडत होती, दर काही वर्षांनी थोडा गिलावा झडायचा, परत लावला की झालं. सिमेंट आणि पाणीबंद रंगाने तिची वाट अडवली. मग क्षार प्लास्टरच्या मागे साठून फुलले आणि त्यांनी प्लास्टर ढकलून दिलं. रंग वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो चुकीच्या बाजूला लावला गेला. पाण्याचा दाब बाहेरून आणि लेप आतून, म्हणजे दाब त्या लेपाला भिंतीपासून सोडवायलाच मदत करतो.

केमिकल भरायचं काम काँक्रीटच्या भेगेत चांगलं होतं, मी स्वतः करून घेतलंय. पण माती-चुन्यातल्या ६० वर्षांच्या भिंतीत ते केमिकल कुठे जाईल याचा नेम नाही. फरशीची पेटी हे नव्या घराचं काम, पाया घालायच्या आधीचं. उभ्या घराच्या सगळ्या बाजू एकदम खणून ती करायला गेलात तर पायाच उघडा पडेल.

मोजून कळवा.

---

गवंडी, चंदगडकडचा
१९ जुलै

ताई, ओव्हरसिअर काकांचं बरोबर हाय. मी बेळगावात २० वर्षं गवंडीकाम करतोय, जुन्या घरांचंच जास्त.

माझ्याकडनं एवढंच. जे प्लास्टर सुटलंय ते आत्ताच काढून टाका, उरलेलं ठोकून बघा, पोकळ वाजलं की तेबी उतरवा. भिंत उघडी राहू दे, तिला वाळू दे. लोणा पाण्यानं धुऊ नका. पाण्यात तो विरघळतो आणि परत आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडायचा, खाली कागद पसरायचा आणि लांब नेऊन टाकायचा, परड्यात न्हवं.

नवीन गिलावा दिवाळीनंतर. कळीचा चुना आणून निदान महिनाभर भिजत ठेवायचा. विटांच्या दरजा (मधले सांधे) इंचभर कोरून साफ करून चुन्यानं भरायच्या. मग १ घमेलं चुना, ३ घमेली चाळलेली वाळू. ह्यात सिमेंट मिसळू नका, कुणी कितीबी सांगूदे. रंग चुन्याचाच. काम झाल्यावर १५ दिवस तरी गोणपाट ओलं करून लावायचं, एकदम वाळू द्यायचं नाही.

बोळात काळी माती हाय काय? वडगावच्या शिवारात तरी काळीच. तसं असंल तर उन्हाळ्यात ती भिंतीपासून सुटून बोट जाईल एवढी फट पडत्या. पहिल्या पावसाचं सगळं पाणी त्या फटीतनं सरळ पायात उतरतं. माती फुगून फट मिटेपर्यंत जायचं तेवढं गेलेलं असतंय.

---

निपाणीकर आत्या
२० जुलै

सूनबाई, मी भिंतीबद्दल बोलत नाही, मालाबद्दल सांगते. आमच्या घरी तंबाखूची वखार होती. ओल म्हणजे काय हे तंबाखूवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही, एक पोतं बुरसटलं की थप्पीच जाते.

साड्या आजच्या आज वर आणा. माजघरात दाटी होईल, होऊ दे. पुढे परत खाली न्यायच्या झाल्या तर जमिनीपासून फूटभर उंच लाकडी माचावर, आणि भिंतीपासून हातभर लांब. आमच्या वखारीत भिंतीला पोतं टेकवलं तर वडील रागवायचे. मागून हवा फिरली पाहिजे. साड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतली ओल आतच कोंडते. जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या गठ्ठ्यात बांधा.

आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, फार महाग नसतं. खाली टांगा. काटा फार दिवस ७० च्या वर राहिला की बुरशी धरणारच.

आणि एक. झरोका बंद केला ते चूकच झालं, पण आत्ता लगेच उघडून दिवसभर पंखा लावू नका. ह्या दिवसांत बाहेरची हवाच नव्वदीच्या घरात असते, ती आत घेऊन गार भिंतीवर पाणीच वाढेल. खालची हवा सुकवणारं डिह्युमिडिफायर भाड्याने मिळालं तर दार-झरोका बंद ठेवून लावा. झरोका उघडायचा तो दसऱ्यानंतर, कोरडा वारा सुटला की. लोखंडी बारीक जाळी बसवा, उंदीर येत नाहीत.

---

वडगावची सून
२७ जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं करून बघितलं, आकडे देते.

साड्या त्याच दिवशी वर आणल्या. माजघरात झोपायला जागा नाही, मुलं सोप्यात झोपतात, पण मनाला शांती आहे.

मीटर: रात्री ११ ला लिहिलं, पहाटे ५ ला बघितलं. एक आकडाही हलला नाही. पाऊस दोन दिवस थांबला होता तेव्हा बोळाचं तोंड बघितलं, सगळीकडे सारखंच वाळत होतं.

प्लास्टिक: पश्चिमेच्या भिंतीवर थेंब मागच्या बाजूला, प्लास्टिक अक्षरशः गच्च. कोब्यावरही मागेच. पूर्वेच्या भिंतीवर मात्र मागची बाजू कोरडी आणि पुढून हात फिरवला तर ओला. म्हणजे आत्या, तुमचं खरं निघालं, तिकडची ओल हवेतली.

बोळात माती काळीच आहे. हे आणि मी मिळून शेजारचं छप्पर मोजलं. बोळाकडे उतरणारा भाग ३० फूट लांब, १२ फूट रुंद.

आता विहिरीचं. समोरच्या गल्लीत एक चालू विहीर आहे, जमीन आमच्याच पातळीची. २५ तारखेला दोरी सोडली, पाणी ५ फुटांवर. आमचा कोबा ७ फुटांवर. मी तीनदा मोजलं, कारण मला ते पटेना. तळघरात उभी राहिले तर बाहेर माझ्या गुडघ्याच्या वर पाणी उभं आहे, असाच त्याचा अर्थ ना?

हे सासूबाईंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग त्यात काय, आमच्या विहिरीचं पाणी आषाढात वाकून तांब्याने घेता यायचं." आणि मग म्हणाल्या, "विहीर चालू होती तोवर तळघरात कधी पाणी आलं नाही. बुजवली तिथून आलं." मी मनात वर्षं जुळवली. २०१४ ला बुजवली. गिलावा सुटायला लागला तो त्याच्या पुढच्या चार-सहा वर्षांत. इतकी वर्षं त्या हे सांगत होत्या की विहीर बुजवू नका. आम्ही ते विहिरीच्या पूजेसाठी म्हणतायत असं धरून चाललो.

विहीर आणि तळघराची भिंत यांत १५ फूट अंतर आहे. सासूबाईंचं म्हणणं खरं असू शकतं का?

---

जुना ओव्हरसिअर, खानापूर
२७ जुलै

ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं खरं असू शकतं. मला तर ते बरंचसं खरं वाटतं.

तेव्हा घरातलं न्हाणीचं, धुण्याचं, सूत रंगवायचं सगळं पाणी त्या विहिरीतून निघत असणार. रोज उपसा झाला की विहिरीभोवतीची पातळी बशीसारखी खाली बसते. काळ्या मातीत पाणी सावकाश चालतं, म्हणून ती बशी लवकर भरून येत नाही. १५ फुटांवरचं तळघर त्या बशीच्या काठावर येत असेल. विहीर बुजवली, उपसा थांबला, बशी भरली. त्यात चार वर्षांपूर्वी पत्र्याचं पाणी बोळात आलं, मग झरोका बंद, मग सिमेंट. एकावर एक.

आता आकड्यांचं सांगतो, कारण पुढचा ठेकेदार तुम्हाला जाड कोबा सुचवणार. बाहेर पाणी कोब्याच्या वर २ फूट, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. १ मीटर पाण्याचा दाब चौरस मीटरला १ टन होतो, तर तुमच्या कोब्याला खालून चौरस मीटरला ६०० किलो उचल आहे. ४ इंची काँक्रीटचं वजन चौरस मीटरला २४०-२५० किलो भरतं. म्हणजे सांधे पूर्ण बंद करून ४ इंची कोबा घातला तर तो एक तर तडकेल, नाहीतर उचलेल. तुम्ही म्हणाल, रोज फक्त ६ बादल्या येतात. पाणी थोडं आहे ते माती सावकाश सोडते म्हणून. पण सांधा बंद केला की त्या थोड्या पाण्याचाही दाब पूर्णच लागतो. आज तो सांधा गळतोय म्हणूनच तुमचा कोबा जागेवर आहे.

म्हणून माझं मत, पाण्याशी आतून कुस्ती करू नका. त्याला बाहेर काढून द्या.

पहिलं काम बोळाचं, आणि ते सगळ्यात स्वस्त. ३० बाय १२ फुटांचं छप्पर म्हणजे ३३ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी ३,३०० लिटर पाणी, हजार लिटरच्या तीन टाक्या, दोन फुटांच्या बोळात तुमच्या भिंतीला लागून ओतल्या जातात. शेजाऱ्यांशी गोडीने बोला आणि पत्र्याला पन्हाळ बसवून ते पाणी नळीने रस्त्याच्या गटारीत सोडा. मग उन्हाळ्यात बोळातली काळी माती दीड फूट काढा, मुरूम भरून धुमसून घ्या, वर काँक्रीट, उतार तुमच्या भिंतीपासून लांब. लांबीत दर १० फुटाला सव्वा इंच उतार पुरे. दीड फुटाच्या खाली जायचं नाही, आणि एका वेळी चार-पाच फूटच खणायचं. सलग चर मारून ठेवला आणि वळीव आला तर जुनी भिंत सरकते, मी बघितलंय.

दुसरं, विहीर. एप्रिल-मे मध्ये पातळी सगळ्यात खाली असते तेव्हा डबर काढून ती मोकळी करा. हे काम अनुभवी विहीरवाल्यालाच द्या. बुजवलेल्या विहिरीत हवा खराब असते, कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघितल्यावर ती जळत राहिली तरी माणूस दोर बांधूनच उतरला पाहिजे, वर दोन माणसं. कडा बांधून घ्या, वर जाळी बसवा. मग पावसाळ्यात रोज उपसा करा. शेडला, धुण्याला, झाडांना वापरा, बाकी गटारीत. पुढच्या जुलैत विहिरीचं पाणी ८ फुटांच्या खाली ठेवता आलं तर तळघर कोरडं राहील असा माझा अंदाज. अंदाज म्हणतो, खात्री नाही. मातीतले थर कसे आहेत ते खणल्यावरच कळेल.

तोवर यंदासाठी आणि पुढेही हाताशी असावी म्हणून तिसरी व्यवस्था. पश्चिमेच्या भिंतीच्या बुडाशी, कोब्यात ४ इंच रुंद पन्हळी कोरा, उतार एका टोकाला. त्या टोकाला २ फूट लांब-रुंद, अडीच फूट खोल खड्डा, आत भोकं पाडलेलं प्लास्टिकचं पिंप, भोवती जिओटेक्स्टाइल कापड आणि खडी. कापड विसरू नका, नाहीतर पाण्याबरोबर माती येत राहील आणि पायाखाली पोकळी होईल. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, तरंगत्या बटणाचा, म्हणजे खड्डा भरला की आपोआप सुरू. नळीला उलट पाणी न येणारा व्हॉल्व्ह हवाच. बळ्ळारी नाला भरला की तुमच्या भागातल्या गटारी तुंबतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पंप इन्व्हर्टरवर घ्या, जोराच्या पावसातच वीज जाते. आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारं बटण) बसवल्याशिवाय ओल्या जमिनीवर कुणी पाय ठेवायचा नाही. ह्यात काटकसर करू नका.

---

गवंडी, चंदगडकडचा
२८ जुलै

काका, खड्डा भिंतीला चिकटून नको. दगडी पाया कोब्याच्या खाली किती गेलाय ते आपल्याला दिसत नाही. पायाच्या बुडाखाली खड्डा गेला तर माती सुटायची. भिंतीपासून ३ फूट आत घ्या, पन्हळी तिथवर वळवा.

आणि ताई, पन्हळीवर फरशी बसवताना चुन्यानं पक्की करू नका, नुसती ठेवा. गाळ काढायला वर्षातनं एकदा उचलावी लागत्या.

---

जुना ओव्हरसिअर, खानापूर
२८ जुलै

बरोबर बोललात. ३ फूट आत. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

---

निपाणीकर आत्या
२८ जुलै

शेजाऱ्यांकडे बोलायला जाताना तुमच्या ह्यांना एकट्याला पाठवू नका. सासूबाईंना घेऊन जा.

---

वडगावची सून
१० ऑगस्ट

उशीर झाला लिहायला, मागांच्या कामात होते.

आत्या, तुम्ही सांगितलं तसंच केलं. शेजारच्या अज्जी आणि आमच्या सासूबाई ५० वर्षांच्या मैत्रिणी. एक कन्नडमध्ये बोलते, दुसरी मराठीत उत्तर देते, असंच त्यांचं आयुष्यभर चाललंय. चहा घेता घेता सासूबाईंनी त्यांना हात धरून तळघरात आणून ती भिंत दाखवली. अज्जी पायऱ्यांवरच बसून राहिल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांचा मुलगा स्वतः येऊन म्हणाला, पन्हाळ मी बसवतो, नळीचा खर्च तुम्ही करा. ४ तारखेला पन्हाळ लागली.

त्यानंतर ६ दिवस पाऊस होताच, पण पाणी रोज ६ बादल्यांवरून साडेतीन-चार बादल्यांवर आलंय. वहीत लिहून ठेवते आहे. म्हणजे बाकीचं जमिनीतलं, बरोबर ना काका?

खड्डा आणि पन्हळी झाल्या, भिंतीपासून ३ फूट आत. खड्डा खणताना २ फुटांवर काळी माती संपून पिवळसर मुरूम लागला आणि त्यातून पाणी जोरात आलं. तुमच्या थरांच्या अंदाजाला ह्याचा उपयोग होईल म्हणून सांगते. पंप दिवसातून ५ वेळा सुरू होतो, दोन-दोन मिनिटं. आरसीसीबी आधी बसवला, मग पंप. कोबा काल पहिल्यांदा कोरडा दिसला. भिंत अजून ओलीच आहे, तिला वेळ लागेल हे कळतंय. सगळं सिमेंट उतरवलं, लोणा कोरडाच झाडला, ३ पाट्या निघाल्या.

साड्या यंदा खाली नेणार नाही. दिवाळीचा माल वरूनच जाईल.

विहिरीचं गुढीपाडव्यानंतर धरायचं ठरवलंय. विहीरवाला येऊन जागा बघून गेला. कडेचा जुना दगड आतून शाबूत असेल असं त्याला वाटतं. सासूबाईंनी त्याला हाताने दाखवलं, रहाट कुठल्या बाजूला होता ते. चंदगडचे दादा, चुना कुठून घ्यायचा आणि किती लागेल ते सांगाल का? भिंत १८ फूट लांब, ७ फूट उंच, एकच बाजू.

---

गवंडी, चंदगडकडचा
१० ऑगस्ट

१२६ चौरस फूट झालं. भिंत बघितल्याशिवाय पोती सांगणार नाही, दरजा किती खोल गेल्यात त्यावर हाय. तुळशीच्या लग्नानंतर येऊन बघतो. चुना तोवर आणू नका, पावसाच्या हवेत पोत्यातच विरतो.